एक्याऐंशीचे शेहेचाळीस

बाबांनी बासष्टाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा आईने एकच प्रश्न विचारला होता, "म्हणजे परत डबा करायचा?"

चौतीस वर्षं तिने डबा केला होता. बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचे, दुकानदाराची वजनं आपल्या पेटीतल्या प्रमाण वजनांशी ताडून पाहायची. बरोबर असतील तर शिक्का, नसतील तर जप्त. दुकानदार त्यांना चहा विचारत नसत. चहा घेतला तर कप मोजून घेतील, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर असा माणूस फार तर दूधवाल्याच्या हात धुऊन मागे लागेल, अशी घरातल्यांची अटकळ होती. त्याऐवजी ते संगीतनिर्मिती शिकायला गेले. तीन वर्षांचा अभ्यासक्रम: पहिल्या वर्षी ध्वनिमुद्रण, दुसऱ्या वर्षी संगणकावर संगीत रचणं, आणि तिसऱ्या वर्षी चित्रपट, मालिका, जाहिराती यांना पार्श्वसंगीत देणं. ज्या माणसाने न्हाणीघरातसुद्धा कधी गुणगुणलं नव्हतं, तो.

"दाजींना आता सूर जप्त करायचेत," मामा म्हणाला.

लेक दुसऱ्या गावात राहायची. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ती मुद्रितशोधक होती. पुस्तक छापून बाहेर पडण्याआधी त्यातल्या चुका पकडण्याचा तिला पगार मिळायचा. तिने बाबांना फोनवर कारण विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "सिनेमात माणूस मरतो तेव्हा मला रडू येत नाही. मागे वाजायला लागलं की येतं. नेमकं किती वाजल्यावर येतं, ते बघायचंय."

ते तिला कळलं होतं. बाबांना हिशेबात बसेल असं दुसरं कारण असणं शक्यच नव्हतं.

वर्गातल्या विशीतल्या मुलामुलींनी त्यांचं नाव शिक्काकाका ठेवलं. ते तीन वर्षं पहिल्या बाकावर बसले, एकही तास बुडवला नाही, आणि प्रत्येक विषयात काठावर पास होत गेले. एकाच दृश्याला तीन प्रकारचं संगीत द्या, एक भयाचं, एक प्रेमाचं, एक दुःखाचं, असा स्वाध्याय होता. बाबांनी तिन्हींना एकच संगीत दिलं आणि आवाज तेवढा कमीजास्त केला. शिक्षकांनी शेरा मारला: "भावना कमी पडते." बाबांनी समासात पेन्सिलीने विचारलं होतं: "किती?"

त्याचं उत्तर कुणी दिलेलं वहीत दिसत नाही.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात, एका मंगळवारी सकाळी, वर्गाला निघताना बूट घालता घालता बाबा गेले. अंतिम प्रकल्प संगणकात तयार होता. जमा करायला अकरा दिवस होते.

*

तीन आठवड्यांनी विभागप्रमुखांचा फोन आला. तेव्हा लेक आईजवळच होती, रजा वाढवून.

"ताई, आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय," ते हळुवार आवाजात म्हणाले. "काकांना पदवी देऊन टाकायची."

"मार्क किती पडले?"

"अहो, मार्कांचा प्रश्नच येत नाही. सहानुभूतीची तरतूद आहे आपल्याकडे. गुणांच्या रकान्यात आडवी रेघ येते, बाकी पदवी सगळी तीच. कागदसुद्धा तोच असतो, जाड."

लेकीने विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. विचार करण्यासारखं फारसं नव्हतं. कमी तोलणारे काटे बाबांनी शेकड्यांनी पकडले होते आणि त्यांचं त्यांना विशेष काही वाटत नसे. माणूस म्हटला की थोडं मारणारच, असं ते म्हणत. पण एकदा त्यांना एक काटा सापडला होता जो पारडं रिकामं असतानाही किलो दाखवायचा. त्या दिवशी ते न जेवता झोपले होते. "त्याच्यावर काहीही ठेवा, नाहीतर काहीच ठेवू नका," ते दुसऱ्या दिवशी सांगत होते. "त्याला फरकच पडत नाही."

आडवी रेघ म्हणजे तोच काटा होता. लेकीला बाबांसाठी जाड कागद नको होता. तीन वर्षं डबा घेऊन गेलेल्या माणसाने शेवटी केलं ते किती भरतं, एवढंच तिला हवं होतं. कमी भरलं तरी चालेल, पण ते त्यांचं असावं.

तिने फोन करून तसं सांगितलं. विभागप्रमुखांनी सुस्कारा सोडला. सुखासुखी येणाऱ्या लक्ष्मीला लाथ मारणारी माणसं त्यांनी पाहिली नसावीत.

"तपासायचंच म्हणता, तर मग नियमाने होईल," ते म्हणाले. आवाजातला हळुवारपणा थोडा उतरला होता. "काम संपूर्णपणे विद्यार्थ्याचं पाहिजे. एका सुराचाही बदल नको. वारसदार म्हणून तुम्ही फक्त त्यांच्या फाइलमधून तयार संगीत एक्स्पोर्ट करायचं, फिल्मला जोडायचं आणि जमा करायचं. दुसऱ्या कुणाची मदत घेतलीत तर ते अवैध."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच म्हटलं होतं, रेघ बरी."

*

प्रयोगशाळा तळघरात होती. भिंतींना जाड स्पंजच्या पट्ट्या, दाराला गादी, आणि आत शिरलं की स्वतःच्याच कानांत दडे बसल्यासारखं वाटायचं. दार उघडून द्यायला दिग्दर्शिका आली होती. एकवीस वर्षांची मुलगी, चित्रपट विभागातली. तिच्याच नऊ मिनिटांच्या फिल्मला बाबांनी संगीत दिलं होतं.

"ताई, मी काही बोलले तर ते... म्हणजे सरांनी सांगितलंय की मी..." ती मुलगी वाक्यं अर्ध्यात सोडायची. "तर मी आपली भिंतीकडे तोंड करून बसते."

आणि खरंच ती कानांत बोळे घालून भिंतीकडे तोंड करून बसली. जगात त्या क्षणी लेकीला मदत करू शकेल अशी ती एकमेव व्यक्ती होती.

बाबांच्या वहीत सगळं होतं. त्यांनी आयुष्यभर केली तशी कामाची यादी करून ठेवली होती, निळ्या शाईत, आकड्यांना गोल करून. एक: फाइल उघडणे. दोन: फिल्मची सुरुवात आणि संगीताची सुरुवात जुळते का पाहणे. तीन, चार, पाच. सहा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवडणे. पान तिथे संपलं होतं. लेकीने एकेक आकड्यावर बोट ठेवत तेवढं केलं, पडद्यावर 'एक्स्पोर्ट' असं बटण दिसलं, ते दाबलं. हिरवी पट्टी सरकत गेली आणि तयार झालं.

मग तिने ते पाहिलं. उन्हाळा संपल्यावर रिकामा केलेला पोहण्याचा तलाव, आणि त्याच्या तळाशी उतरून फरश्या घासणारी एक बाई. नऊ मिनिटं एवढंच. बाई घासते, मध्ये दमून पायरीवर बसते, पुन्हा उठते, घासते. मागे हळू आवाजात तंतुवाद्यं. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका लयीत, टक, टक, टक, टक.

लेकीने आवाज थोडा वाढवला. ती टकटक तिच्या ओळखीची होती. गेली दोन वर्षं ती फोन करायची तेव्हा बाबांच्या आवाजामागे ती कायम चालू असायची. "काय ते टकटक चाललंय?" असं तिने एकदा विचारलंही होतं, आणि बाबा म्हणाले होते, "काम." तर हेच ते काम.

"झालं का?" दिग्दर्शिकेने भिंतीला विचारलं.

"झालं."

प्रमुखांच्या कार्यालयात फाइल जमा केली. सोबत बाबांनी हाताने लिहिलेली क्यू शीट, म्हणजे संगीत कुठल्या सेकंदाला सुरू होतं, कुठे थांबतं आणि का, याचा तक्ता. त्याची एक प्रत तिने स्वतःसाठी ठेवली. पोचपावती घेतली. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी नीट झोपली.

*

बाहेरून आलेले परीक्षक नावाजलेले होते. तीन मालिकांमधली सगळी भांडणं त्यांच्या धाडकन वाजणाऱ्या संगीतावर उभी होती. त्यांनी बाबांना शंभरपैकी एक्याऐंशी गुण दिले. वर्गात दुसरे.

विभागप्रमुखांनी फोनवर शेरा वाचून दाखवला. "ऐका हं. 'पाणी नसलेल्या तलावात सतत थेंब पडत असल्याचा भास हा या रचनेचा आत्मा आहे. जे आटलं आहे ते अजून ठिबकतं आहे. इतक्या साध्या साधनाने इतका खोल परिणाम मी विद्यार्थ्यांच्या कामात पाहिलेला नाही.' ताई, काय लिहिलंय! मी तर म्हणतो, तुम्ही रेघ घेतली नाहीत तेच बरं केलंत."

गेल्या महिन्यात आपण काय म्हणालो होतो हे विसरण्याची त्यांची हातोटी वाखाणण्यासारखी होती.

"आणि एक विनंती," ते पुढे म्हणाले. "पदवीदान समारंभात कुलगुरू या थेंबांचा उल्लेख करणार आहेत. तुम्ही दोन शब्द बोला. काकांना ही थेंबांची कल्पना सुचली कशी, एवढंच."

आईने मामाला फोन केला. "एक्याऐंशी," ती म्हणाली. "तुझ्या दाजींना, दुसऱ्या कुणाला नाही." मामा पलीकडे बहुधा पुन्हा विचारत होता, कारण आईने तेच तीनदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी आवाज चढवला.

लेक दोन शब्दांच्या तयारीला लागली. वाचन दांडगं असल्यामुळे दोन शब्दांऐवजी दोन पानं व्हायला वेळ लागला नसता, पण बाबांचं म्हणणं बाबांच्या शब्दांत असावं म्हणून तिने वही पुन्हा उघडली. थेंबांविषयी कुठेच काही नव्हतं. तलावाच्या फरश्यांची संख्या होती, बाई मिनिटाला किती वेळा ब्रश फिरवते ते होतं, थेंब नव्हते. शेवटी ती कामांच्या यादीशी आली. एक ते सहा. आणि मग, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरणाऱ्या त्या बाईने पान उलटलं.

मागच्या बाजूला निळ्या शाईत, आकड्याला गोल करून लिहिलं होतं:

"७. टकटक बंद करणे. ती फक्त माझ्यासाठी आहे, ताल चुकू नये म्हणून. राहिली तर सगळं वाया."

*

"हे काय आहे?" आईने विचारलं. लेक स्वयंपाकघरात वही उघडी धरून उभी होती.

लेकीने सांगितलं. बाबांना लयीत वाजवता येत नसे, म्हणून संगणक त्यांच्यासाठी टकटक करायचा. शिकणाऱ्याला बोट धरून चालवावं तसं. वाजवून झालं की ती बंद करायची असते. एक्स्पोर्ट करताना लेकीने ती चालूच ठेवली. थेंब, आत्मा, खोल परिणाम, सगळं लेकीचंच होतं. न उलटलेल्या एका पानाचं.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"मग तू विसर. अगं, आयुष्यात कधी पडले नव्हते त्यांना एक्याऐंशी. गणितात म्हणे चौपन्न होते, तेही आयुष्यभर सांगत होते. राहू दे की मेले पाच-पंचवीस जास्तीचे. कुणाच्या तोंडचा घास काढलाय का?"

"आई, हे त्यांचं वजनच नाहीये. पारड्यावर माझं बोट आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षं हीच भाषा या घरात ऐकली होती तिने. माणूस गेला तरी भाषा मागे राहते, हे तिला त्या घटकेला फारसं आवडलेलं दिसलं नाही.

"बापाच्या वळणावर गेलीस," ती म्हणाली. "जा. घालवून ये."

*

"ताई, मी तीस वर्षं या खुर्चीत आहे," विभागप्रमुख म्हणाले. "मार्क वाढवा म्हणून आईबाप येतात. रडतात, ओरडतात, ओळखी काढतात. कमी करा म्हणून लेक आली, हे पहिल्यांदा बघतोय."

"कमी करा असं नाही. पुन्हा ऐका. टकटक बंद करून."

"अहो, पण कुलगुरूंचं भाषण लिहून झालंय!"

दारात दिग्दर्शिका उभी होती. तिला कुणी बोलावलं होतं कोण जाणे. धावत आली असावी, कारण श्वास लागला होता.

"ताई, प्लीज," ती म्हणाली. "काकांनी मला दाखवलं होतं तेव्हा ती टकटक नव्हती. मला वाटलं शेवटच्या आठवड्यात त्यांना सुचली. आणि ती आल्यावर माझी फिल्म... म्हणजे आधी ती नुसती फरश्या घासत होती, आता ती... दोन महोत्सवांत निवड झालीय, ताई. थेंबांमुळे."

लेकीला एकदम त्या मुलीची दया आली, आणि स्वतःची थोडी गंमतही वाटली. बावीस वर्षांत तिच्या हातून सुटलेल्या चुकांवर लेखकांनी पत्रं पाठवली होती, संपादकांनी बोलणी ऐकवली होती. महोत्सवात निवड झालेली ही पहिलीच.

"फिल्ममध्ये ठेव तू ती," ती म्हणाली. "माझी आहे, तुला दिली. बाबांच्या मार्कांत नको, एवढंच."

"चालेल?"

"चालेल म्हणजे काय, ऐट कर."

विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला आणि तिला फेरतपासणीच्या खिडकीकडे पाठवलं. खिडकीतल्या कारकूनबाईंनी अर्ज वरून खाली वाचला.

"विद्यार्थ्याची सही लागेल."

"विद्यार्थी वारलेत."

"हो, ते वाचलं मी. वाईट झालं." बाईंनी चष्मा वर केला. "पण सही?"

बाईंनी अर्ज पुन्हा वाचला, उलटा करून मागून पाहिला, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. नियमाच्या जंगलात वाट सापडल्यावर उजळतो तसा. "विद्यार्थी स्वतः येऊ शकत नसेल तर पालकाची सही चालते. इथे करा. 'पालक' या रकान्यात."

"मी मुलगी आहे त्यांची."

"मग काय झालं? सांभाळायला तुम्हीच आलायत ना?"

लेकीने पालक म्हणून सही केली. नाव लिहिलं, विद्यार्थ्याशी नातं या जागी थोडी थांबली, आणि पुढे सरकली.

*

परीक्षकांना पुन्हा बोलावणं सोपं गेलं नाही. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा जेवताना दात तुटलेल्या माणसासारखा होता. छोट्या दालनात चौघे बसले: ते, विभागप्रमुख, दिग्दर्शिका आणि मागे लेक.

"म्हणजे थेंब नव्हते," ते बसता बसता म्हणाले.

"नव्हते," लेक म्हणाली. "सॉरी."

"मला तर थेंबच ऐकू आले," ते तक्रारीच्या सुरात म्हणाले आणि त्यांनी खूण केली. दिवे मालवले.

टकटक बंद होती. आता फक्त बाबा होते. तंतुवाद्यांचे स्वर एकामागून एक येत होते, पेटीतल्या वजनांसारखे, प्रत्येक आपल्या खाचेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. चुकीचं काहीच नव्हतं आणि तीच अडचण होती. भय नाही, प्रेम नाही, दुःखाचं वजन किती टाकावं याची खात्री नसलेल्या माणसाने चिमूट चिमूट टाकलेलं दुःख. लेक ऐकत होती आणि तिचं मन खाली खाली जात होतं. मनाच्या कोपऱ्यात, कुणालाही न सांगता, तिने धरून ठेवलं होतं की टकटक काढली की खाली काहीतरी अद्भुत सापडेल, शंभरपैकी नव्वदचं. सापडलं ते बेतास बात होतं. परीक्षकांचं पेन कागदावर चाललं होतं. दोन आकडे लिहायला वेळ लागत नाही.

चौथ्या मिनिटाला बाई ब्रश बाजूला ठेवते आणि पायरीवर बसते. तिथे संगीत थांबलं.

मंद होत थांबलं नाही, थांबलं. दालनात काही म्हणजे काही ऐकू येईना. पडद्यावर बाई बसली होती, हात मांडीवर, आणि तिच्याभोवती तो केवढा तरी रिकामा तलाव. सेकंद जात होते आणि ते मोजायला कुणी नव्हतं. विभागप्रमुखांनी यंत्र बिघडलं की काय म्हणून मागे वळून पाहिलं. मग बाईने ब्रश उचलला आणि स्वर पुन्हा आले, आधीसारखेच, आज्ञाधारक.

"थांबा," परीक्षक म्हणाले. "मागे घ्या. ती बसते तिथपासून."

मागे घेतलं. पुन्हा बाई बसली. परीक्षकांनी ते तीनदा पाहिलं.

"हे आधी होतं?"

"होतं," लेक म्हणाली. "त्याच्यावरून टकटक गेली होती."

"तक्त्यात काय लिहिलंय इथे? मी... मी तक्ता नव्हता वाचला."

लेकीने आपली प्रत उघडली. दिव्याची गरज नव्हती, ओळ पाठ होती, पण तिने वाचल्यासारखं केलं. "चार मिनिटं दोन सेकंद ते चार मिनिटं तेरा सेकंद. काही नाही. बाई बसल्या आहेत. बसू द्यावे."

दिग्दर्शिकेने नाक ओढलं. परीक्षक काही वेळ पेन बोटांत फिरवत राहिले.

"स्पष्ट बोलतो," ते लेकीकडे वळून म्हणाले. "मी एकोणचाळीस लिहिले होते."

"चाळीसला पास."

"हो, म्हणजे नापास." त्यांनी आकडा खोडला, बाजूला दुसरा लिहिला, खाली सही केली. "शेहेचाळीस. सात त्या अकरा सेकंदांचे."

लेक उठली नाही. तिला एक गोष्ट विचारायचीच होती, आणि ती विचारताना तिला स्वतःचाच आवाज वजनमापं खात्यातला वाटला. "ते सात सहानुभूतीचे नाहीत ना?"

परीक्षकांना राग आला. मनापासून आला, आणि त्यामुळे तिला बरं वाटलं.

"बाई, मी मालिकांना संगीत देतो," ते म्हणाले. "पात्राने पापणी मिटली तरी मी मागे वाजवतो. वीस वर्षांत अकरा सेकंद गप्प बसायची माझी छाती झाली नाही. सहानुभूती वाटायचीच असेल तर तुम्ही मला वाटा."

विभागप्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "आता कुलगुरूंना काय सांगू मी?"

पुढे समारंभात कुलगुरूंनी थेंबांचा उल्लेख केलाच. भाषण छापून झालं होतं. फक्त ते कुणाचे थेंब, हे सांगितलं नाही.

*

"घालवून आलीस?" आईने विचारलं.

"शेहेचाळीस."

आईने मनातल्या मनात वजाबाकी केली. ती तोंडावर दिसली. "पस्तीस मार्कांची माती केलीस."

"पास आहेत, आई. खरेखुरे. एकोणचाळीस होते, म्हणजे नापास. सात मार्क एका जागेचे पडले." लेकीने ती जागा सांगितली. बाई बसते, बाबा काहीच वाजवत नाहीत, अकरा सेकंद.

आईने ऐकलं. ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली, परत उलगडलं.

"गप्प बसल्याचे सात मार्क?"

"हो."

"अकरा सेकंदांचे?"

"हो गं."

"आणि मी चव्वेचाळीस वर्षं ऐकलं ते?" आई म्हणाली. "मला कुणी मार्क देणार आहे की नाही?"

लेकीला हसू आलं, आणि हसता हसता ते भलतीकडे जाईल असं वाटून तिने घाईघाईने फोन काढला. आईने हात पुसले आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. टकटक काढलेली फिल्म सुरू झाली. छोट्याशा पडद्यावर बाई फरश्या घासत होती. आई म्हणाली, हिला कुणी लांब दांड्याचा ब्रश का देत नाही. मग म्हणाली, वाजवलंय बरं, काही वाईट नाही. मग बाई पायरीवर बसली आणि आवाज थांबला.

आईने वाट पाहिली. फोनवर झुकून बघितलं, बोटाने त्याच्या कडेला हलकेच टिचकी मारली.

"बंद पडलं का गं?"

"नाही, आई. चालू आहे."